उजवीकडचा डेरेक

टिप्टन
५ नोव्हेंबर १९८४

ती. व्हेराआत्यास,
हेझलचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं की आपल्या पोरांच्या ‘सिंडरबँक’ या बँडच्या उत्तम गिटार सोलोंची नवी रेकॉर्ड निघते आहे, आणि कोणता सोलो डेरेकचा व कोणता तुझ्या क्लाइव्हचा, हे मी कंपनीला अचूक लिहून दिलं. ते अचूक नव्हतं. नावं सगळी उलटी पडली आहेत. तू ते पत्र बारमथच्या शेजारणींना वाचून दाखवलं असशील, म्हणून इतर बातम्यांआधी हे.

झालं असं. हॉलमध्ये आपण खाली बसायचो, तेव्हा डेरेक उजवीकडे दिसायचा आणि क्लाइव्ह डावीकडे. घरी रेकॉर्ड लावल्यावरही आपण तेच धरून चाललो, की उजव्या स्पीकरमधून येतो तो डेरेक. शिवाय आईचं डोकं दुखतं म्हणून घरात तो नेहमी हळुवार वाजवायचा, आणि उजवीकडचे सोलो हळुवार आहेत. शंका कोण घेणार? कान आधी नाव ऐकतो, मग सूर.

शनिवारी सहज खात्री करायला मिस्टर पार्जेटर यांच्याकडे गेले. बँडच्या सगळ्या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण त्यांनीच केलं, त्या कालव्याकाठच्या शेडमध्ये. ते हसायला लागले. म्हणाले, मी जन्माचा ड्रमवाला, मला बँड फक्त पाठीमागून माहीत, माझ्या बैठकीवरून डेरेक डावीकडे, तर रेकॉर्डवरही डावीकडेच. मी हट्टाला पेटले. तेव्हा म्हणाले, पोरी, माझं राहू दे, भावालाच विचार, आणि त्यांनी डावीकडची गिटार तेवढी टेपवर लावली.

आत्या, डेरेक बोलला. सोलो सुरू व्हायच्या आधी, अगदी माझ्या कानाशी. म्हणाला, आटपा लवकर, आईने कलेजीचे गोळे आणि मटार केलेत, गार झाले तर ती मला दारात उभं करेल. कोणीतरी हसलं, आणि मग ती गिटार सुटली. आई ज्याला मांजर बुडवल्याचा आवाज म्हणते, तोच सोलो.

तुला आमच्या घरातलं माहीत आहे. व्हॅनच्या अपघातात डेरेक गेल्यापासून आई रोज संध्याकाळी चहा झाला की उजव्या स्पीकरला खुर्ची लावून बसते. डाव्यावर तिने जाड उशी बांधली आहे, कारण तिच्या मते क्लाइव्ह तिच्या पोराला एक ओळ पुरी करू देत नाही. आधी बर्फात व्हॅन घसरवली आणि आता इथेही मध्ये घुसतो, असं ती म्हणते. क्लाइव्हला दार उघडत नाही ते नाहीच.

म्हणजे गेली दोन वर्षं आई क्लाइव्हला ऐकते आहे, आणि उशी डेरेकवर आहे.

तिला अजून सांगितलेलं नाही. मी काय करू ते लिही. तुझी माया माझ्यावर आहे, तिच्या जोरावर विचारते आहे.

तुझी
हेझल

बारमथ
९ नोव्हेंबर १९८४

चि. हेझल हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मी फक्त दोन शेजारणींना वाचून दाखवलं होतं, आणि त्यातली एक बहिरी आहे, तेव्हा तू निर्धास्त राहा. तुझ्या बापाने चॅपलच्या हार्मोनियमवर तुम्हा तिघांना एकत्र शिकवलं. चुकीचा सूर लागला की तो बोटांवर पट्टी मारायचा. मुलं विसरली. तू अजून बोटं चोळत बसतेस.

आता माझं ऐक. मला हे ईस्टरपासून ठाऊक आहे. तुमच्याकडे आले होते तेव्हा मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते आणि पलीकडे तुझ्या आईने, आयरिसने, रेकॉर्ड लावली. क्लाइव्हने सात वर्षं माझ्या डोक्यावरच्या खोलीत सराव केला, त्याचा हात मला कळणार नाही? सूर संपवताना तो जरा रेंगाळतो, दारात घुटमळावं तसा. मी सुरी खाली ठेवली. तेवढ्यात तुझी आई आत आली आणि म्हणाली, व्हेरा, राग मानू नकोस, पण तुझा पोरगा करवत चालवतो, वाजवावं ते माझ्या डेरेकने. डोळे पुसत म्हणाली. मी म्हटलं, खरं आहे गं. आणि बटाटे सोलले.

क्लाइव्हला विचारलं, तर त्यालाही ठाऊक. म्हणाला, आई, मामींना ऐकू दे, तेवढंच माझ्या हातून त्यांच्यासाठी काही होतं.

माझं मत विचारशील, तर नको सांगूस. मेलेल्याला नाव लागत नाही, जिवंत बाईला संध्याकाळ लागते. पण हेही खरं: पोराने वर्षभरात गिटारला हात लावलेला नाही.

जेवत जा. शरीराने निम्मी झालीस असं ऐकते.

तुझी
व्हेराआत्या

वुल्व्हरहॅम्प्टन
१६ नोव्हेंबर १९८४

प्रिय हेझल,
स. न. वि. वि.

आईने तुझं पत्र मला पाठवलं. तपासनीस बाई, तुम्हाला सलाम! स्कॉटलंड यार्डने तुला अजून कसं उचललं नाही?

थट्टा पुरे. यादी आहे तशी छापू दे. उजवीकडचे सगळे डेरेकचे. मला टायरच्या दुकानात नोकरी आहे, तिथे कोणी विचारत नाही की तू कोणता सोलो वाजवला होतास.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, तुला सांगतो. गेल्या हिवाळ्यात मी माफी मागायला तुमच्या दाराशी आलो होतो. बेल वाजवणार, तोच आतून मी ऐकू आलो. पडद्याच्या फटीतून मामी दिसल्या, डोकं स्पीकरला टेकलेलं, जसं कोणाच्या खांद्यावर टेकावं. मी तिथे उभा राहिलो आणि मला वाटलं, मेलो तो मीच आहे, आणि हा बाहेर उभा आहे तो डेरेक, थंडीत, आणि त्याला कोणी आत घेत नाही. बेल न वाजवता परतलो. तेव्हापासून गिटार उघडायची भीती वाटते. वाटतं, मी वाजवीन आणि निघेल तो.

म्हणून राहू दे. लोभ ठेव, आणि मामींना काही बोलू नकोस.

तुझा
क्लाइव्ह

टिप्टन
२६ नोव्हेंबर १९८४

ती. व्हेराआत्यास,
हेझलचा सा. न. वि. वि.

क्लाइव्हचंही पत्र आलं, त्याचं म्हणणं तुझ्यासारखंच. तुम्ही दोघं म्हणता तसं करायचं मी खरंच ठरवलं होतं. आठवडाभर गप्प राहिले. पण गप्प बसलं की जास्त ऐकू येतं. रोज संध्याकाळी मी दारात उभी राहते, आई उजवीकडे मान डोलावते, आणि मला उजवीकडचं काहीच कळत नाही. उशीच्या आतून कोणीतरी तोंड दाबल्यासारखा ओरडत असतो, तेवढंच.

काल उशीची दोरी सुटली. सोलो ऐन भरात होता. मी धावले, पण आईने हाताने थांबवलं आणि पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, बघ कसा वाजवतोय हा क्लाइव्ह, श्वास म्हणून घेत नाही, कुठे जायची घाई होती याला? आणि दोरी पुन्हा घट्ट आवळली.

आत्या, मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

क्लाइव्हने आपलं सगळं देऊन टाकलं, ते त्याचं मोठेपण. पण डेरेकने काही देऊन टाकलेलं नाही. त्याला कोणी विचारलंच नाही. त्याच्याजवळ एवढी घाईच आहे, ती दुसऱ्याच्या नावावर लिहून मी त्याला कुठे ठेवू? आणि तुझा मुलगा जिवंत असून दाराबाहेर. तू बटाटे सोलत राहिलीस, मला ते जमणार नाही.

कंपनीला कळवलं आहे की नावं बदलतील, छपाई थांबवा. पार्जेटर डावीकडची टेप आणि यंत्र दोन्ही घरी आणून देणार आहेत. आईला आधी मी स्वतः सांगेन, मग डेरेकचं बोलणं ऐकवीन. कदाचित ती रेकॉर्ड पुन्हा कधीच लावणार नाही. कदाचित माझ्याशी बोलणार नाही. संध्याकाळी ती कुठे बसेल, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

क्लाइव्हला चहाच्या वेळी यायला सांग. बेल तो वाजवो न वाजवो, दार मी उघडीन. तुझा लोभ त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशीही असाच असावा, एवढं मागते. दिवस ठरला आहे, चॅपलहून आल्यावर, रविवार, २ डिसेंबर.

तुझी
हेझल