दारातली तक्रार

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या अर्ध्या डॉक्टरचा पूर्ण नमस्कार.

तब्येत कशी आहे हे विचारत नाही. तू "उत्तम" म्हणणार, आणि त्या उत्तमचा शनिवारपासून माझ्या डोक्यात चोथा झालाय. पत्र पोचलं. चार पानं! तीन शेजारणीच्या मांजरावर, एक माझ्या लग्नावर, आणि अगदी शेवटी समासात, आडवं, मुंगीएवढ्या अक्षरात, "जिना चढताना हल्ली दोनदा थांबावं लागतं, वय झालं, दुसरं काय." अगं, मांजराला तीन पानं आणि धापेला एक ओळ? तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काल चहात मीठ घातलं (आणि प्यायले, अर्धा कप संपेपर्यंत कळलं नाही). फोन केला, चार प्रश्न विचारले, तर म्हणालीस की तू राहू दे बाई, खरा डॉक्टर भेटला की त्याला सांगीन. म्हणून आता लिहितेय. मोठ्यानं वाच, म्हणजे आत काकांनाही ऐकू जाईल. शाळेत तीस वर्षं प्रार्थना सांगितलेला आवाज आहे तुझा, तो लाव. आणि मधली पानं गाळू नकोस, तुझी सवय ठाऊक आहे मला.

माझं काम काय, हे तुला सहा वर्षं सांगतेय आणि तू सहा वर्षं लोकांना "डॉक्टरांच्या हाताखाली असते" एवढंच सांगतेस, जणू मी त्यांच्या हाताखाली उशी धरून उभी असते. पुन्हा सांगते. मी फिजिशियन असिस्टंट. पेशंट आला की आधी माझ्याकडे येतो, मी त्याची सगळी कहाणी ऐकते, छाती ऐकते, पोट दाबते, कुठल्या तपासण्या लागतील ते मांडून ठेवते, जखम असेल तर टाके घालते, आणि मग सगळं डॉक्टरांपुढे ठेवते. शेवटचा शब्द आणि सही त्यांची. कुठवर माझं आणि कुठून त्यांचं, ही रेघ ओळखणं हीच अर्धी नोकरी. पण लोकांना मी म्हणजे वेटिंग रूममधली खुर्ची वाटते. वीस मिनिटं माझ्याशी बोलतात, आणि निघताना मलाच विचारतात, "ताई, डॉक्टर कधी बघणार?"

तर गेल्या गुरुवारी एक कुलपं दुरुस्त करणारा आला. साठीचा, हाताला तेलाचा वास. तक्रार काय, तर अंगठा दुखतो. मी अंगठा बघितला, मग नेहमीसारखं विचारत गेले. झोप? ते डॉक्टरांना सांगीन. दम लागतो? ते डॉक्टरांना. छातीत काही? ते मोठ्यांनाच सांगतो हो, तुम्ही कशाला त्रास घेता! (म्हणजे माझ्याच काळजीनं गप्प.) मी कागदावर अंगठा लिहिला. मग आमच्या डॉक्टरबाई आल्या. बाईंची त्या दिवशी वॉर्डात तिघं वाट बघत होती, एक पाय आत आणि एक बाहेर. त्यांनी विचारलं, आणखी काही? आणि हा पठ्ठ्या हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, काही नाही मॅडम, अंगठाच. मला सांगायचं नाही कारण मी लहान, त्यांना सांगायचं नाही कारण त्या मोठ्या! अशा कारभारात माणूस मरायचा कुणाकडे बघून?

बाई गेल्या. हा निघाला. दाराची कडी ढिली, ती बघून त्याच्यातला कारागीर जागा झाला. खिशातून पेचकस काढला, स्क्रू आवळायला लागला, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तसं परवापासून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, पण ते असू दे, तुमच्या कडीचा आटा गेलाय." आत्या, मी त्याला पेचकसासकट खुर्चीत बसवला. छातीचा ईसीजी काढला, तो कागद हातात घेऊन जिन्यावरच बाईंना गाठलं, आणि तासाभरात तो हृदयाच्या वॉर्डात होता. वाचला. आता तिथल्या सगळ्या पलंगांची चाकं ठीक करतोय म्हणे.

झालं, मला चळ लागला. प्रत्येकाला दारापर्यंत पोचवायचं, कडीशी उभं राहायचं आणि वाट बघायची. एका आजींनी कडी धरून सुनेचा अकरा वर्षांचा इतिहास सांगितला, बाहेर रांग जिन्यापर्यंत गेली. एका गृहस्थांनी दारात काहीच सांगितलं नाही, म्हणून मी त्यांच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेले, तिथून गाडीपर्यंत गेले, आणि शेवटी कळलं की ते हातमोजे विकायला आले होते (मूळव्याध मात्र निघाली). बाईंनी बोलावून विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, लोक खरं ते दारातच बोलतात. बाईंनी शिपायाला बोलावून सांगितलं, ती कडी दुरुस्त करू नका.

हे सगळं तुला का सांगतेय? आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. सगळे म्हणाले पोर रडत नाही, धीराची आहे. तू एकटी रात्री दाराशी मुकाट बसून राहायचीस, मी बोलेपर्यंत. हे काम मी तुझ्याकडूनच शिकले, कॉलेजात फक्त त्याची नावं पाठ केली. आणि आता तूच समासात लिहितेस. मला राग आलाय. भीतीही वाटतेय. दोन्ही सांगून टाकते.

बाकी क्षेम. काकांना नमस्कार, मांजराला काही नाही.

तुझी,
अर्धी डॉक्टर

ता. क. आमच्या बाईंना तुझी ती ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, आजच आणा. तेव्हा खरा डॉक्टरही भेटला, आता बोल!

ता. क. २. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. मी स्वतः तुझ्या हातात दिलंय, आणि आत्ता समोर बसलेय.

ता. क. ३. मोठ्यानं वाचायला सांगितलं ते काकांसाठी नव्हे. श्वास घ्यायला तू किती वेळा थांबलीस ते मी मोजलंय. आकडा रिक्षात सांगते. रिक्षा खाली उभी आहे, काकांनी तुझी पिशवी भरलीय. चप्पल घाल. आणि दारात आणखी काही आठवलं तर सांग, मी कडीपाशीच उभी आहे.