पांढऱ्या घड्या

६ एप्रिल २०००, गुरुवार
आज घरात आलं ते — तूरडाळ दोन किलो ५६, कापूर ६, वाती ४. शिवाय नम्रतानं आणलेलं आठ पॅडचं पाकीट — २८! वापरलं की टाकायचं. बोलले तर म्हणे, "आई, माझे पैसे आहेत." कॉम्प्युटर कंपनीत लागल्यापासून हे एक वाक्य पाठ झालंय.

९ एप्रिल
पोरीच्या मांडीला पुरळ उठलंय. ऑफिसातून इंटरनेटवरचा कागद छापून आणला, इंग्रजी, वाचून दाखवला. पॅडमधला कापूस पांढरा करायला क्लोरीन वापरतात, त्यातून डायॉक्सिन नावाचं विष राहू शकतं. "पण किती राहतं ते नीट लिहिलेलं नाही," म्हणाली. किती कशाला हवं? विष ते विष! मामंजींची जुनी धोतरं ट्रंकेत आहेत, मऊसूत. आमचा जन्म असल्याच कापडावर गेला.

१२ एप्रिल
धोतरांच्या वीस घड्या शिवल्या. नम्रतानं एक उचलली अन् नाक मुरडलं — "शी, पिवळी पडलीयेत!" पडलीयेत खरी. सोसायटीची टाकी धुतो तो दशरथ आला होता, त्याच्याकडून वाटीभर ब्लीचिंग पावडर मागून घेतली. फुकट. "काकू, जपून. हात सोलतात," म्हणाला. चिमूटभरानं काय होणार? सगळी वाटी बादलीत ओतली.

१३ एप्रिल
रात्रभर भिजल्या. पाणी एकच तास येतं, म्हणून एकाच पाण्यातून काढल्या. वाळल्यावर — देवाच्या वस्त्रासारख्या शुभ्र! वास थोडा राहिला, पण तो स्वच्छतेचाच. ह्यांनी विचारलं, "दोरीवर एवढं पांढरं काय?" म्हटलं, पुसणी.

१५ एप्रिल
दहा घड्या मंदाकिनीला पार्सल केल्या. धाकटी बहीण, अहमदपूरकडच्या खेड्यात दिलीय. तिच्या आनंदीला बारावं लागलंय, केव्हाही शहाणी होईल. त्या पोरीला तरी पहिल्यापासून विष नको.

४ मे
नम्रतानं कालपासून घड्या घेतल्या, माझ्याच आग्रहानं. आज दुपारीच रिक्षानं घरी आली. "आई, आग होतेय गं." म्हटलं, सवय मोडलीय, होईल.

५ मे
चालता येत नाही. कातडी गेलीय. पाहिलं मी. लिहवत नाही.

६ मे, शनिवार
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एक कोरी घडी पिशवीत घातली होती — यात विष नाही हे दाखवायला! त्यांनी हुंगली. "कशात धुतली?" सांगितलं. म्हणाल्या, "अहो, ब्लीचिंग पावडर म्हणजे क्लोरीनच! कारखान्यातल्या ज्या गोष्टीला घाबरलात, तीच घरी बादलीत केलीत. आणि धुतलीत एका पाण्यानं!"

नम्रतानं नेलेला तो इंटरनेटचा कागदही वाचला त्यांनी. पॅडमध्ये उरलंच तर ते अगदी अंशमात्र असतं म्हणाल्या, त्यानं पुढे काय होतं ते छातीठोक सांगता येणार नाही. "पुरळ घामानंही येतं. हे मात्र भाजलंय. पावडरीनं."

रिक्षात नम्रता काही टोचून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

इतकी वर्षं ते चार दिवस देवाला शिवले नाही, नियम म्हणून. आज नियम आड येत नव्हता, तरी देवापुढे बसवेना.

मंदालाही कळवायला हवं. कार्डावर कसं लिहू? पोस्टमन वाचतो. आनंदी अजून कुठे शहाणी झालीय! सोमवारी आंतरदेशीय आणून लिहीन.

८ मे, सोमवार
मंदाचंच पत्र आलं, चार तारखेचं. "आनंदी काल शहाणी झाली. तुझ्याच घड्या दिल्यात. किती पांढऱ्या गं!"

धावत बूथवर गेले. त्यांच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. मंदाचे यजमान वैजनाथराव आले. आजवर पुरुषमाणसापुढे हा शब्द काढला नव्हता. आज काढला, मागे रांग उभी असताना. "भाऊजी, आनंदीच्या पाळीचं कापड, मी पाठवलेलं, काढून टाका. आत्ता!" पलीकडून नुसतं "आँ?" — आणि लाइन गेली. सात वेळा लावला. नाही.

सकाळी आणलेल्या आंतरदेशीय पत्रावर तिथंच उभ्यानं लिहिलं, पेटीत टाकलं —

"मंदा, घड्या फेकून दे. पोरीला भरपूर साध्या पाण्यानं धू, दवाखान्यात ने, लाजू नकोस. चूक माझी आहे. आनंदी कशी आहे, उलट टपाली कळव."