मुरघासाची बॅग

२ नोव्हेंबर
मुरघासाची बॅग भरली एकदाची! मक्याची कुट्टी मी आणि सुयोगने पायांनी तुडवून तुडवून हवा काढली. सासरे दोरी धरून उभे. तोंड आवळताना बजावलं — अप्पा, चारा आत आंबून मुरेपर्यंत दीड महिना हात लावायचा नाही. "व्हय व्हय." आमच्या हरणी गाईला पाचवा महिना आहे. तिच्या पोटातल्या वासरासाठीच तर हा सगळा खटाटोप.

९ नोव्हेंबर
अप्पांनी बॅग सोडली! निमगावचे मानसिंगराव आले होते, त्यांना मूठभर काढून हुंगायला लावलं. "बघा की, कसा येतोय वास?" मानसिंगराव काय म्हणणार? "झ्याक!" चहा प्यायचा होता ना.

१७ नोव्हेंबर
पुन्हा! या वेळी डेअरीचा दूधवाला. लोणच्याची बरणी असल्यासारखं येईल त्याला उघडून दाखवतात. आत हवा शिरली की बुरशी धरते हो अप्पा! नुसते हसले. मिरवायची भारी हौस या वयात. सुयोग म्हणतो, जाऊ दे, म्हातारं माणूस.

१८ डिसेंबर
आठ दिवस माहेरी होते. परत येऊन बघते तर हरणीपुढे मुरघास! बॅगेत कडेकडेने हिरवट-पांढरं, हाताला चिकट. "वरची बुरशी काढून टाकली की. खालचं चांगलं हाय, शेजारचा जयवंता बी म्हणला." वैरण फेकायची म्हटलं की यांच्या जिवावर येतं. मी टोपली ओढून घेतली.

२१ डिसेंबर
हरणी खात नाही. कान गार.

२३ डिसेंबर
वासरू गेलं. कालवड होती.

डॉक्टर म्हणाले, बुरशीचंच विष असणार. दिसते ती काढली तरी विष खालच्या चाऱ्यात उतरलेलं असतं, उन्हात वाळवूनही जात नाही. अख्खी बॅग खड्ड्यात पुरून टाका. दूधही सध्या कुणाला देऊ नका.

अप्पांना नाही नाही ते बोलले. "मिरवा आता! बोलवा सगळ्यांना!" ते गोठ्यात हरणीजवळ जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत. मला जरासुद्धा दया आली नाही.

२९ डिसेंबर
अजून अबोला. हरणी हंबरते आणि माझं डोकं पुन्हा तापतं.

३ जानेवारी
वरण करपलं. मागे धुणं धुवत होते, तिथपर्यंत वास आला. धावत आले तर अप्पा चुलीकडे पाठ करून शेंगा सोलत बसलेले.

"अप्पा, वास नाही आला?"

"करोनापास्नं येत न्हाय, पोरी. म्हणून तर येईल त्याला इचारत व्हतो."