बाकासमोरची बाई

तीर्थस्वरूप मावशीस,

गणिताच्या मास्तर भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (खरं सांग. मागच्या वेळी "छान" लिहिलंस आणि आईकडून कळलं की जिना बसून उतरतेस.) स्वेटर पोचला. बाह्या जरा गुडघ्याकडे निघाल्या आहेत, पण ऊब भरपूर आहे, आणि या वयात मला स्वेटर विणणारं तुझ्याशिवाय आहे कोण! फार बरं वाटलं.

आता घडलेलं सांगतो, रागावू नकोस. चित्रकलेच्या बाईंचा घसा बसला आणि वर्गाला शहरातल्या संग्रहालयात न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चित्रांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण अक्षरातलं कळतं. म्हणून फर्मान काढलं: आवडलेल्या चित्रासमोर बसून मनात आलेलं लिहायचं, उभ्याने खरडलेलं चालणार नाही. पहारेकरी फरशीवर बसू देईना, आणि अख्ख्या दालनात बाक एकच. तो कुठे असावा? काकांनी काढलेल्या तुझ्या चित्रासमोर! (तेच, मटार सोलतानाचं. ज्याला तू "माझ्या नाकाची बदनामी" म्हणतेस आणि काका गेल्यावरही जे बघायला एकदाही गेली नाहीस.) झालं! सगळा वर्ग आळीपाळीने त्या बाकावर बसला आणि सगळ्यांनी तुझ्यावरच लिहिलं.

मी तुझं नावही काढलं नव्हतं. पण एक आगाऊ मुलगी एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, या बाईंचं नाक तुमच्याकडे कसं आलं?" या नाकाने आजवर मला चष्मा टेकवण्यापलीकडे काही दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मान ताठ करून म्हणालो, "मावशी आहे माझी."

मुख्याध्यापिकांना वाटलं, पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं. मग वाचायला बसल्या आणि समोरचा चहा गार झाला. एकाने लिहिलंय, या बाईंना उठायचंय, पण चित्रकार उठू देत नाही. दुसरा म्हणतो, त्या मटाराकडे बघतच नाहीत, चौकटीबाहेर दूध तापत असणार, माझी आईपण अशीच बघते. आणि एरवी उत्तरपत्रिका कोरी देणाऱ्या एका मुलाने लिहिलंय: "हात, मटार, मागची भिंत सगळं भराभर काढलंय. नाक मात्र सावकाश, पुन्हा पुन्हा रंग लावून काढलंय. काढणाऱ्याला ते फार आवडत असणार."

मावशी, इतकी वर्षं मी ते चित्र बघतोय, मला हे दिसलं नाही. त्या पोराचे उपकार कसे फेडू, कळत नाही. लाल पेन बाजूला ठेवलं आणि चष्मा पुसत बसलो.

गुडघ्याला शेक घेत जा.

तुझाच,
नाकवाला भाचा

ता. क. शनिवारी गाडी घेऊन येतो, तयार राहा. तू येणार असं मुलांना सांगून बसलोय. नाही म्हणालीस तर वर्गात माझं नाक कापलं जाईल, म्हणजे तुझंच. बाक तुझ्यासाठी रिकामा ठेवायचं पहारेकऱ्याने कबूल केलंय.

आणखी एक. मुलांना तुला एकच विचारायचंय, दूध उतू गेलं का? उत्तर मी तुझ्यावर सोडलंय. पण ते चित्र काढलं तेव्हा मी सुट्टीला तुझ्याकडेच होतो आणि दारात उभा होतो. तू उठायला लागलीस तसे काका म्हणाले, "जाऊ दे गं ते दूध! हलू नकोस, हे नाक आत्ता कुठे जमतंय." तू तेवढं दुधाचंच लक्षात ठेवलंस. तसं मीही, कारण करपलेलं पातेलं मला घासायला लागलं.