घोडीनं ऐकलं, हीच चूक

मंगळवार, मार्च १९९६. लासुर्णे.

आज नात घोडीवरनं पडली. भरधाव येत हुती. तिचा बाप, म्हंजी माझा ल्योक, घाबरला आन् मेंढरं थांबवायची हाळी दिली. घोडी जलमभर आमच्या मेंढरांमागं चाललेली. हाळी ऐकली तशी जागीच उभी ऱ्हायली, आन् पोरगी तिच्या डोक्यावरनं ढेकळात. हात मोडला. मान वाचली.

आता म्हणतोय, "आये, घोडी खोडील हाय. उद्या बाजारात नेतो."

"मुडद्या, तिनं तुझंच ऐकलं की!"

पटंल तर शपथ. जलमभर कुणी ह्याचं ऐकलं न्हाय. एकीनं ऐकलं, तर तिलाच इकतोय. मी दाव्याला हात लावू देणार न्हाय.

पर खरं लिवते. तीच हाळी माझ्याबी तोंडात आली हुती. त्यानं आधी दिली, एवढंच.