बारा वह्या

ती. आईला, कुवेंपुनगरहून सुनेत्राचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. घरमालकीण गिरिजाबाई इथल्या जुन्या मराठी घरातल्या, रोज वाटीभर सारू, म्हणजे इथली पातळ आमटी, आणून देतात. तुझा गुडघा कसा आहे?

ऑफिसात मला क्रिप्टोचे शब्द मराठीत समजावून लिहायचे होते. ‘ब्लॉकचेन’पाशी चार दिवस अडले. मग तुझं भजनी मंडळ आठवलं. तुम्ही बाराजणी, प्रत्येकीची आपली वही, सगळ्यांत तेच अभंग. मुख्य वही अशी कुणाचीच नाही. शालनकाकूंनी एकदा गुपचूप एक शब्द बदलला, तर बाकीच्या अकरा वह्यांनी लगेच पकडलं! ब्लॉकचेन तशीच, फक्त वह्यांच्या जागी कॉम्प्युटर. आणि क्रिप्टोचं नाणं खिशात खुळखुळत नाही; सगळ्या वह्यांत सारखी असलेली ती एक नोंद.

गिरिजाबाईंना वाचून दाखवलं. त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “सरी, आत्ता कळलं मा! कोण शिकवलं तुला?”

“आमच्या आईनं,” म्हटलं. साहेबांनीही ते जसंच्या तसं घेतलं. तुझ्यामुळे गं.

दादा फोनवर सांगत होता, परवा तुझी वही सापडेना, ओळीही आठवेनात, तेव्हापासून तू मंडळात जात नाहीस. डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर जाऊन ये, माझ्यासाठी.

आणि मंगळवारी भजनाला जा. एक वही हरवली म्हणून काही हरवत नाही, हे मी आता पगार घेऊन लिहिते. तुझे अभंग अकराजणींनी जपून ठेवलेत, आई.

तुझीच,
सुनेत्रा