ओल्या शर्टातला संशय

भाईंदर पूर्व,
सोमवार

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, कंबर अजून वाकत नाही). तुझे गुडघे आणि नाशिकची थंडी, दोन्ही आवाक्यात असतील असं धरून चालतो. फोन केला नाही, कारण तुझी भावजय मनोरमा भिंतीआडून ऐकते. ती बरी आहे. फारच बरी आहे, कालपासून गुणगुणतेय, आणि तेच मला खटकतंय.

तू सांगितल्याप्रमाणे इशिताच्या त्या ॲलनचा तपास सुरू केला. मुलगा आठवडाभर अंधेरीला नोकरी करतो आणि रविवारी वडिलांबरोबर, म्हणजे निकोलसबरोबर, उत्तनजवळच्या त्यांच्या तारोडी गावाहून होडी काढतो. मध्यंतरी आपणहून म्हणाला, "काका, एकदा या ना होडीवर." होऊ घातलेल्या सासऱ्याला खोल पाण्यात कोण बोलावतं? मी लगेच हो म्हटलं. होडीवर दारू असणार आणि ती मी हुंगून काढणार, असा बेत होता. (निघताना मनोरमाने स्वेटर पुढे केला. भाईंदरात कसली थंडी, म्हणून मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर गेलो. तो स्वेटर तिने इतक्या मुकाट्याने परत कपाटात का ठेवला, हेही एकदा विचारायचंय.)

किनारा बराच मागे राहिल्यावर एका टोकाला कॅन दिसला. हुंगायला वाकलो. आत डिझेल निघालं आणि मी पाण्यात. दोघांनी ओढून वर घेतलं ते ठीक, पण वर येताच ॲलन म्हणतो, "काका, शर्ट काढा." का काढू? बोचरा वारा सुटला होता, दात वाजत होते, तरी मी कॉलर मुठीत धरून बसलो. त्यांनी होडी माघारी वळवली. काही वेळाने कुडकुडणं आपोआप थांबलं. मला वाटलं, जिंकलो. तर या पोराचं तोंड उतरलं. "पप्पा, कुडकुडायचे थांबले, अंग गारच हाय!" असं ओरडून त्याने शर्ट उतरवायला घेतला. बटणं मीच काढणार होतो, पण माझी बोटं कुणीतरी बदलून ठेवली होती.

मग स्वतःचं कोरडं जॅकेट मला घातलं, वरून ताडपत्री गुंडाळली आणि त्याच ताडपत्रीत शिरून मला छातीशी धरून बसला. हातपाय चोळ म्हटलं, तर म्हणे, "चोळायचं नाही काका, आधी छाती गरम करायची." ब्रँडी मागितली. "नाही काका, दारूने अंग आणखी गार पडतं." म्हणजे आहे, पण देत नाहीत! झोपूही देईना. सारखं एकच, "काका, मुलीचं नाव सांगा." डाव कळला ना? माझ्या तोंडून नाव काढून घ्यायचं आणि मग होकार दिला म्हणायचं. मी शब्द काढला नाही.

धक्क्यावर मला आडवं, अलगद उतरवलं. बोलायला गेलो तर जीभ वळेना. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "सकाळीच पिऊन आलाय काय?" दारू शोधायला गेलेल्या माणसाला, अक्का! ॲलनची आई मार्सेलिन मात्र कडाडली, "पिलेला न्हाय, गारठलाय तो!" कुडकुडणं परत सुरू झालं आणि मला हातात कप धरता आला, तेव्हा कुठे तिने गोड चहा दिला. साखर इतकी की संशयच यावा. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ओले कपडे आणि वारा असला की असं गारठायला हिमालय लागत नाही. माणूस अडखळतो, बरळतो आणि त्याला स्वतःला काही कळत नाही. हे सगळं ते ॲलनकडे कौतुकाने बघत बोलले. तेही उत्तनकडचेच निघाले.

तेव्हा तपास चालू आहे. पुढच्या महिन्यात तू हे लग्न मोडायला येते आहेस, ते पक्कं.

तुझा धाकटा,
गुणवंत

ता. क. नाव मी लपवलं नव्हतं, अक्का. आठवतच नव्हतं. माझ्या इशिताचं नाव! फार घाबरलो. "इशिता, काका, इशिता," असं तोच कानाशी म्हणत राहिला आणि मी त्याच्यामागून म्हणत किनाऱ्याला आलो. (मनोरमाला कळू देऊ नकोस.)

आणखी ता. क. ये, पण मोडायला नको. येताना पूर्ण बाह्यांचा एक स्वेटर विणून आण. मला नाही, त्याला. त्याचं जॅकेट मी परत करणार नाहीये. छाती माझ्यापेक्षा चार बोटं रुंद धर. माप मी स्वतः घेतलंय.